काम सगळं माझ्या गळ्यात आणि प्रमोशन दुसऱ्याला, काय करावं? (जळगाव एमआयडीसी)

अपडाउनवाला

नमस्कार मंडळी, एवढं लांब पहिल्यांदाच लिहितोय, शुद्धलेखन चालवून घ्या. मी पाचोऱ्याहून जळगावला अप-डाउन करतो, एमआयडीसीत पीव्हीसी पाईपच्या एका प्लांटला शिफ्ट इनचार्ज आहे, शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल. कंपनीचं नाव नको. फार मोठी नाही नि अगदी छोटी पण नाही, शेठ स्वतः रोज एक चक्कर मारतात अशी.

तर दिवाळीनंतर आमचे प्रॉडक्शन मॅनेजर सोडून गेले. सगळे म्हणत होते आता तूच, ऑपरेटर तर पार्टी कधी म्हणून मागे लागले होते. आणि झालं काय तर नाशिकहून एक बीई झालेला पोरगा आणला, माझ्यापेक्षा वयाने लहान, बोलायला चांगला, लॅपटॉप उघडून शेठला ग्राफ दाखवतो. पोरगा वाईट नाही हे पण सांगतो, उगाच कोणाला नावं ठेवायची नाहीत. पण तीन नंबर लाईन (पाईप काढायची मशीन) बंद पडली की तो सुद्धा फोन मलाच लावतो.

माझा दिवस म्हणजे गेटच्या आत पाय ठेवला की सुरू. रात्री लाईट ट्रिप झालेली असते, बॅरलमधे माल जळून बसलेला असतो, तो काढून साफसफाई करून लाईन परत पकडायला निम्मी सकाळ जाते, तेवढ्यात ११० मिमी पाईपचा डाय (म्हणजे साचा) उतरवून ६३ चा चढवायचा असतो आणि ज्याला ते जमतं तो पोरगा नेमका साखरपुड्याला गेलेला, मग मीच पाना घेऊन उभा. त्यात डिस्पॅचवाले डोक्यावर, त्यात स्टोअरवाला सांगतो रेझिन (पाईपचा कच्चा माल) दोन दिवस पुरेल एवढंच आहे, त्यात घरून फोन की विहिरीवरची मोटर जळाली. आणि जानेवारी ते मे आपल्याकडे शेतीच्या पाईपचा सीझन, तेव्हा रविवार पण कंपनीचाच. संध्याकाळी गाडीत बसलो की दिवसभर नेमकं काय केलं हे आठवत नाही, फक्त पाय दुखतात.

टाइम मॅनेजमेंटचे व्हिडिओ बघून झाले. सकाळी यादी करा, २५ मिनिटं फोन बंद ठेवून एकच काम करा वगैरे. मी २५ मिनिटं फोन बंद ठेवला तर शेठ स्वतः खाली शोधत येतील.

विचारायचं एवढंच की यातून वर जायचा काही रस्ता आहे का, का सरळ पुण्याकडे चाकण नाहीतर नाशिकला सातपूरला बघू? घरी आईवडील आहेत, चार एकर कापूस आहे, इंग्रजी यथातथा आहे. जो खरं बोलेल त्याचं ऐकीन.

जुना_खांब

भाऊ, माझं उभं आयुष्य आधी डाळ मिल आणि मग पाईपमधे गेलं, आता घरी बसून नातवंडं सांभाळतो, त्यामुळे मला कोणाला खूश करायचं नाही. एक विचारतो, तू आठ दिवस गावाला गेलास तर प्लांट चालतो का? नाही चालत, हो ना. तुला वाटतं ही तुझी किंमत आहे. शेठच्या डोक्यात मात्र ते वेगळं बसतं, याला इथून उचलला तर लाईन कोण बघेल. मी त्या खुर्चीत बसून अशी नावं ठरवलेली आहेत म्हणून सांगतो, दोन माणसं समोर असली आणि एकाची जागा भरता येते नि दुसऱ्याची येत नाही, तर वर कोण जातो ते तूच सांग. ज्याच्यावाचून अडतं त्याला जिथल्या तिथे ठेवतात, वर आणखी पाठीवर थाप देतात म्हणजे तो हलत नाही.

त्यामुळे तुझं पहिलं काम स्वतःची जागा भरणारा माणूस तयार करणं. डाय बदलणारा एकच पोरगा का आहे तुझ्याकडे? तीन पाहिजेत. प्रत्येक साईजचा एक कागद कर, कुठल्या झोनला किती टेम्परेचर, स्क्रूचा आरपीएम किती, हॉल-ऑफचा (पाईप पुढे ओढणाऱ्या भागाचा) स्पीड किती, व्हॅक्यूम किती, चालू करताना काय क्रमाने करायचं, काय झालं तर लगेच लाईन बंद करायची. मराठीत लिही, ऑपरेटरला वाचता आलं पाहिजे. लॅमिनेट करून पॅनेलवर टांग. हे सगळं सध्या तुझ्या डोक्यात आहे आणि म्हणूनच रात्री फोन येतात.

दुसरं म्हणजे आकडा. "खूप काम करतो" हे शेठला ऐकू येत नाही, सगळेच तसं म्हणतात. तुझ्या प्लांटला एक आकडा असा असणार ज्यात पैसा वाहून जातो आणि कोणी बघत नाही, मला विचारशील तर मी मीटर-वजन, म्हणजे एक मीटर पाईपचं वजन, बघीन. आयएस ४९८५ (पीव्हीसी पाईपचं भारतीय मानक) मधे प्रत्येक साईजला आणि क्लासला भिंतीची जाडी ठरलेली असते, कमीतकमी किती आणि जास्तीतजास्त किती. माल नगावर किंवा मीटरवर विकत असाल तर कमीतकमीच्या वर जेवढं जातं तेवढं गिऱ्हाइकाला फुकट. समजा रोज १० टन माल निघतो आणि वजन २ टक्के जास्त जातंय, म्हणजे २०० किलो, कंपाउंडचा भाव ७५ रुपये धरला तर दिवसाला १५,००० रुपये. महिन्याचे २५ दिवस लाव नि बघ. (किलोवर विकणाऱ्यांचं गणित वेगळं, तिथे हे लागू नाही.) हा कागद घेऊन शेठकडे गेलास तर लॅपटॉप लागत नाही.

अपडाउनवाला

काका, वजनाचं बोललात ते अगदी बरोबर, आमचा माल नगावरच जातो आणि ऑपरेटर मुद्दाम जाड चालवतात हे मला माहिती आहे. कारण जाडी कमी निघाली तर क्यूसी (माल तपासणारे) अख्खी लॉट बाजूला काढते, ऑपरेटरला सगळे टोपलं भरून बोलतात, जाड गेली तर कोणी काही म्हणत नाही. मग कोण रिस्क घेणार.

जुना_खांब

अरे तिथेच तर मेख आहे, ऑपरेटरला दोष देऊ नकोस. पाईपचा एक तुकडा काप आणि गोल फिरवत आठ ठिकाणी जाडी मोज. माझी पैज, एका बाजूला २.५ मिमी भरेल आणि समोरच्या बाजूला ३ च्या आसपास. म्हणजे डाय सेंटरला नाही. पातळ बाजू कशीबशी कमीतकमीच्या वर आणायची म्हणून ऑपरेटर हॉल-ऑफ हळू करतो, मग अख्खाच पाईप जाड होतो. डायचे सेंटरिंग बोल्ट ठीक केले, चालू केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात दोनदा आठ पॉइंट मोजायचा नियम लावला, तर पातळ बाजू वर येते नि जाड बाजू खाली आणि मग स्पीड बिनधास्त वाढवता येतो. क्यूसी पण खूश. सुरुवातीला एकच साईज घे, जी सगळ्यात जास्त चालते ती. आधीचं वजन लिहून ठेव, नाहीतर नंतर फरक कशाच्या आधारावर दाखवशील.

धुळेकरीण

दादा, मी धुळ्याला एका कारखान्यात एचआर आणि अकाउंट्स दोन्ही बघते (आपल्याकडे मधल्या साईजच्या कंपनीत एचआर म्हणजे पगार करणारी मॅडम, ते असो). पलीकडच्या बाजूने काय होतं ते सांगते कारण ते कामगारांना कधीच दिसत नाही.

प्रमोशनच्या वेळी टेबलवर काहीच नसतं. अप्रेझलचा फॉर्म वगैरे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत. इथे शेठ विचारतात, "कोण आहे आपल्याकडे?" आणि त्या क्षणी ज्याचं नाव आठवतं तो. आणि आठवतं काय तर गेल्या दोन-तीन महिन्यांतलं. तुम्ही मागच्या मे महिन्यात ४५ डिग्रीत रात्रभर थांबून लाईन चालू केली ते तुम्हाला आठवतं, त्यांना नाही, आणि त्यांची पण काही चूक नाही, त्यांच्या डोक्यात बँकेचा हप्ता असतो. लाईन बंद पडून चालू झाली हे लक्षात राहत नाही हो, आणि बंदच पडली नाही हे तर कोणाला दिसतच नाही.

म्हणून महिन्याला अर्धं पान लिहून पाठवायचं. व्हॉट्सअॅपवर चालेल, मराठीत चालेल. या महिन्यात एवढा माल, एवढं स्क्रॅप, एवढे तास लाईन बंद, मागच्या महिन्यापेक्षा कशात फरक आणि का, पुढच्या महिन्यात काय करणार. बस. रडगाणं नाही, कोणाची तक्रार नाही. उत्तर नाही आलं तरी पाठवत राहायचं, निळी टिक आली म्हणजे वाचलं.

आणि तोंडाने विचारा. इथे बहुतेक पुरुष मंडळी मनात कुढत बसतात आणि चहाच्या टपरीवर शेठला शिव्या घालतात, पण शेठला कधी विचारलेलं नसतं. "प्रॉडक्शन मॅनेजर करायचं तर माझ्यात काय कमी पडतं?" एवढंच. ब्रेकडाउनच्या दिवशी नाही, पगाराच्या आधी नाही, महिन्याचं डिस्पॅच झाल्यावर एखाद्या संध्याकाळी. त्यांनी जे सांगितलं ते त्याच रात्री मेसेज करा की आज आपण असं बोललो, मी या तीन गोष्टींवर काम करतो. मग सहा महिन्यांनी बोलायला धागा राहतो.

एक कडू पण सांगते. तो नाशिकचा मुलगा ग्राफ दाखवतो म्हणून आला असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं तो प्लॅनिंग करतो म्हणून आला. कुठली साईज कधी चालवायची म्हणजे डाय कमी वेळा बदलावा लागेल, रेझिन कधी मागवायचं, आयएसआयच्या लायसन्सच्या कागदपत्रांना उत्तरं कोण देणार, हे मॅनेजरचं काम आहे. पाना घेऊन उभं राहणं हे नाही. ते तुम्ही कितीही चांगलं केलं तरी त्याचं पुढचं पद फोरमन आहे. तुमच्या प्लांटची बीआयएसची (आयएसआय मार्कचं लायसन्स देणारी सरकारी संस्था) फाईल कोण सांभाळतं? ती मागून घ्या. कोणालाच ती नको असते, लगेच देतील.

काय_भो_जामनेर

राम राम भो. तुनी पोस्ट वाची, डोकं गरम झालं. वरचे दोघं फार समजूतदार बोलले पण मी जरा उलटं बोलतो. आपन सगळा हिशोब मांडून दाखवला, स्क्रॅप कमी करून दिलं, की शेठ म्हणतात वा वा आणि पुढच्या महिन्यापासून तेच टार्गेट, पगार तेवढाच. मी हे जवळून बघितलंय, आमच्याकडचा एक चांगला फिटर असाच लाईन सुधारत सुधारत थकला. तो अजून तिथेच आहे, घाण्याला जुंपल्यासारखा.

माझं म्हणणं, इंटरव्ह्यू द्यायला सुरुवात कर. सोडायचंच असं नाही. पण बाजारात आपला भाव काय हे कळल्याशिवाय शेठसमोर बसून काय बोलशील. सातपूर-अंबड आधी बघ, चाकण नंतर. पुण्याचा पगार कागदावर मोठा दिसतो, खोलीचं भाडं, पोरांची शाळा, दर महिन्याला घरी यायची गाडी, यातच तो फरक जिरतो. मी रांजणगावला राहून आलोय. आणि इकडे चार एकर कोण बघणार, वडील किती दिवस.

सोडलीच तर दोन गोष्टी लक्षात ठेव. पाच वर्षं सलग झाली असतील तर ग्रॅच्युइटी लागते, शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) गुणिले १५ भागिले २६ गुणिले जेवढी वर्षं झाली तेवढी. तुझी रक्कम आत्ताच काढून ठेव, बरेच जण मागतच नाहीत. पीएफ काढून खाऊ नको, यूएएन (पीएफचा नंबर) तोच राहतो, नव्या कंपनीत ट्रान्सफर करून घे. बाकी तू काम करस पन सांगस नही, तुना प्रॉब्लेम एवढाच शे भो.

धुळेकरीण

@काय_भो_जामनेर, टार्गेट वाढतं हे मान्य, शंभर टक्के होतं. पण अहो तोच कागद घेऊन इंटरव्ह्यूला पण जाता येतं ना. "शिफ्ट सांभाळतो" म्हणणारे पन्नास येतात. "११० च्या पाईपचं जास्तीचं वजन इतक्यावरून इतक्यावर आणलं, असं असं करून" म्हणणारा एखादाच. शेठने नाही ओळखलं तर दुसरा ओळखेल, आकडा तुमच्याबरोबर येतो.

रुळावरचा

मी भुसावळला रेल्वेत आहे, प्रायव्हेटचा अनुभव नाही त्यामुळे थोडक्यात. आमच्याकडे निदान नियम छापील आहेत, ग्रुप बीच्या (खालच्या पायरीवरून अधिकारी व्हायच्या) ७० टक्के जागा सिलेक्शनने आणि ३० टक्के खात्याच्या मर्यादित स्पर्धा परीक्षेने, कोणाला काय वाचायचं ते माहिती असतं आणि तरी लोक वाचत नाहीत तो भाग वेगळा. तुमच्याकडे सिलॅबसच नाही, म्हणून ताईंनी सांगितलंय तसं विचारून घ्या की पेपरला काय येणार आहे.

दुसरं, पाचोरा-जळगाव गाडीतला वेळ. त्या डब्यात काय चालतं ते आम्हाला ठाऊक आहे, रुमाल अंथरून पत्ते. जाताना खेळा हवं तर, पण येताना दहा मिनिटं वहीत लिहा, आज काय बंद पडलं आणि किती वेळ. तुम्ही म्हणताय ना आठवत नाही, गाडीत बसल्या बसल्या लिहिलं तर आठवतं, घरी पोचल्यावर नाही. महिनाभराने ती वही उघडली की दिसेल, त्याच त्या तीन-चार गोष्टी परत परत येतात, बाकी सगळा किरकोळ कचरा.

शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला सिपेट आहे, केंद्र सरकारची संस्था, प्लास्टिकचंच शिक्षण देते, त्यांचे छोटे कोर्स पण असतात. एनपीटीईएल या वेबसाईटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट बघता येतात, पैसे फक्त परीक्षेला. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका, टेक्निकल शब्द तुम्हाला आधीच येतात, मधले "इज" आणि "वॉज" हळूहळू येतील.

आणि इथे राहून काही होत नाही असं म्हणू नका, विप्रोची सुरुवात १९४५ ला आपल्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली.

काय_भो_जामनेर

@रुळावरचा ते मालक होते दादा, हा शिफ्ट इनचार्ज आहे 😄

अपडाउनवाला

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ताई, तुमचं कडू बोलणं लागलं पण रात्री विचार केला तर खरं वाटलं. बीआयएसची फाईल खरंच बेवारशी आहे, जुने मॅनेजर गेल्यापासून क्यूसीच्या मॅडम रडत-कुढत बघतात. आज त्यांना म्हटलं मी मदत करतो तर त्यांनी अख्खं कपाट दाखवलं.

डायच्या कागदाचं पण सुरू केलं, पण एक अडचण आली. ज्या पोराला डाय बदलता येतं तोच शिकवायला तयार नाही. त्याला वाटतं दुसऱ्याला आलं तर ओव्हरटाइम जाईल, भाव राहणार नाही. त्याला काय सांगू? माझं पण आत्तापर्यंत मनातून तेच होतं बहुतेक. आणि नव्या मॅनेजरला विचारून करू का डायरेक्ट शेठकडे जाऊ वजनाचा कागद घेऊन?

जुना_खांब

पोराचं म्हणणं चुकीचं नाही, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. त्याला फुकटात शिकव म्हणू नको. शिकवणारा म्हणून त्याचं ग्रेड वाढवायची शिफारस तू लेखी कर, मिळेल का नाही हे पुढचं, पण तू त्याच्यासाठी कागद दिलास हे त्याला दिसलं पाहिजे. ओव्हरटाइमचं खोटं आश्वासन देऊ नको, तो कमी होणारच आहे. आणि कागदावर खाली त्याचं नाव टाक, "सेटिंग ठरवणारे" म्हणून. मी असं केलेलं आहे, माणूस रोज त्या पॅनेलसमोरून जाताना स्वतःचं नाव वाचतो.

शेठकडे डायरेक्ट जाऊ नकोस. नाशिकच्या पोराला बरोबर घे. त्याला मशीन कळत नाही, तुला ग्राफ येत नाही, आकडे तुझे, कागद त्याचा, शेठसमोर दोघं बसा आणि बोलायचं मात्र तू. त्याला डावलून गेलास तर तो जन्मभर तुझ्या आड येईल, आणि त्याला वर जायला हात दिलास तर तो गेल्यावर ती खुर्ची कोणाची?

धुळेकरीण

काकांशी सहमत, फक्त "बोलायचं तू" हे आधीच त्याच्याशी ठरवून घ्या, आत गेल्यावर नाही. आणि त्या मीटिंगमधे स्वतःच्या पगाराचा विषय काढू नका, तो वेगळ्या दिवशी.

काय_भो_जामनेर

आणि भो, वजन लिहायला लागायच्या आधी तुमच्या लाईनवरचा काटा बरोबर आहे का ते बघून घे, वैधमापनचा शिक्का कधीचा आहे ते पण. आमच्याकडे एकदा अख्खा महिना आकडे लिहिले आणि काटाच वाकडा निघाला.